पंधरावं पत्र

मागायला जायचं असलं की आप्पा स्वतःच्या हाताने शर्टाला इस्त्री करत. एरवी चुरगळलेल्या शर्टात बँकेत जातील, डॉक्टरकडे जातील, पण कोणापुढे हात पसरायचा दिवस असला की कॉलरीच्या टोकापर्यंत सगळं कडक. त्या मंगळवारीही जेवणाच्या टेबलावर जुनी चादर टाकून त्यांचा हा सोहळा चालला होता. टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यात त्यांची मुलगी सातवीच्या भूगोलाची प्रुफं तपासत बसली होती. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेत ती संपादक होती. दुसऱ्यांच्या चुका काढायचा हिला पगार मिळतो, असं आप्पा पाहुण्यांना कौतुकाने सांगत, आणि तिला ते कौतुकही आवडत नसे.

"आज कोणाची पाळी?" तिने मान वर न करता विचारलं.

"चपलांचं दुकान. तिसरी फेरी."

"म्हणजे आज तोंड वेंगाडायचं."

"आज मागायचं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी बाही उलटी केली.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पहिल्या फेरीत काही मागायचं नाही, फक्त सल्ला विचारायचा. दुसऱ्या फेरीत, सल्ला ऐकून आपण काय केलं ते दाखवायचं. तिसऱ्या फेरीत मागायचं. मुलगी याला तीन अंकी नाटक म्हणे. आप्पा विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागात एकतीस वर्षं होते, त्यातली शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. निवृत्त झाल्यावर लोक बागेत फिरतात, नातवंडांना शाळेत सोडतात. आप्पांनी नकाशा मंडळाचं सल्लागारपद घेतलं, बिनपगारी. हे मंडळ म्हणजे वीस-बावीस विद्यार्थी आणि त्यांचा एक उद्योग. गावभर पायी हिंडून दर वर्षी कोणीही न मागितलेला एक नकाशा हाताने काढायचा. एका वर्षी गावातली सगळी बाकडी. एका वर्षी पिण्याजोगं पाणी येणारे सार्वजनिक नळ. मागच्या वर्षी, दुपारी दोन वाजता सावली कुठे कुठे असते ते. नकाशा छापून फुकट वाटायचा, म्हणून दर वर्षी पैसे उभे करायचे.

त्यातही मेख होती. मंडळांना लागणाऱ्या रकमेतली अर्धी विद्यापीठ देई, उरलेली अर्धी बाहेरून आणावी लागे. आणि ती किमान पंधरा वेगवेगळ्या दुकानांकडून किंवा कचेऱ्यांकडून, प्रत्येकाच्या लेटरहेडवर पत्र घेऊन. त्या पत्रात आपण पैसे का देतो आहोत हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं असलं पाहिजे. नाटकवाले, वादविवादवाले, गिर्यारोहणवाले, सगळे या नियमाच्या नावाने बोटं मोडत. नियम लिहिला होता आप्पांनीच, हेडक्लार्क असताना.

"एकाच माणसाने सगळं दिलं की मंडळ त्याचं होतं," ते सांगत. "पंधरा जणांनी दिलं की कोणाचंच होत नाही. मुलांचं राहतं."

मुलीला यात फक्त कारकुनी दिसे. जिथे एका सहीने भागतं तिथे पंधरा सह्या. तिने जगातली चांगली चांगली पुस्तकं वाचली होती, आणि त्यातल्या एकाही पुस्तकात कोणी थोर माणूस चपलांच्या दुकानात गिऱ्हाईक संपायची वाट बघत उभा नव्हता. तिचा बाप मात्र उभा असलेला तिने बघितला होता. ती अकरा वर्षांची असताना, विभागाच्या कुठल्याशा कार्यक्रमासाठी देणगी मागायला, आप्पा तिला एका औषधांच्या दुकानात घेऊन गेले होते. काउंटरपाशी पाऊण तास. मागून येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा बाजूला होऊन वाट देत होते. शेवटी मालक वर न बघता म्हणाला, "परवा या." आणि आप्पा हसले. हसले, आणि "हो हो, परवा येतो," म्हणाले. त्या दिवसापासून तिने कोणाकडे काही म्हणून मागितलं नाही. कॉलेजात कोणाच्या नोट्स मागितल्या नाहीत, नोकरीत पगारवाढ मागितली नाही, हॉटेलात मीठसुद्धा मागत नसे. समोर असेल ते खाई.

आप्पांनी शर्ट चढवला, आरशात बघत बटणं लावली आणि इस्त्रीची वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "तूही एकदा चल की बरोबर. बोलू नकोस. नुसती उभी राहा."

"आप्पा, मी असल्या दारात उभी राहणार नाही. तुम्हाला पेन्शन आहे, घर आहे. या वयात भीक कशाला मागत फिरता?"

वायर गुंडाळणारा त्यांचा हात थांबला नाही. वायर पूर्ण गुंडाळून झाल्यावर ते म्हणाले, "बरं," आणि बाहेर पडले.

संध्याकाळी चौदावं पत्र घेऊन आले. चपलांच्या दुकानदाराने लिहिलं होतं, 'मुले पायी चालतात हे मला चांगले वाटते.' आप्पांनी ते तिला दोनदा वाचून दाखवलं. मग जेवण झालं, पंख्याच्या वेगावरून नेहमीचं भांडण झालं, तीनवर ठेवायचा की दोनवर, आणि नेहमीसारखा तो तीनवर राहिला. बस. इतकाच होता तो दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आप्पा न्हाव्याच्या खुर्चीत गेले. अर्धी दाढी झाली होती. न्हाव्याला वाटलं, डुलकी लागली. कळल्यावर त्याने आधी फोन केला, आणि मग, घरचे येईपर्यंत, राहिलेली अर्धी दाढी पूर्ण केली. "तसं पाठवणं बरं दिसलं नसतं," एवढंच तो म्हणाला. त्या सगळ्या आठवड्यात कोणीही केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट होती.

बाकी सगळी शोभा होती. परदेशातून आलेला भाऊ मोबाईल कानाला लावून फेऱ्या मारत होता. आत्या येणाऱ्या प्रत्येकाला "कालपर्यंत ठणठणीत होता हो," असं सांगून वर "मी म्हणतच होते, तब्येतीकडे बघ," असंही सांगत होती. मुलगी रडली नाही. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेतल्या दोन चुका तिने दुरुस्त केल्या. फोन भावाने केले. "आप्पा गेले" हे दोन शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. ती म्हणे, "घरी जरा अडचण आहे."

त्यानंतर नवव्या दिवशी, शुक्रवारी, विद्यापीठाचं बोलावणं आलं. शोकप्रस्ताव आहे, कुटुंबीयांपैकी कोणी उपस्थित राहिल्यास बरं. भाऊ आदल्या दिवशी परत गेला होता. ती गेली.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि एका खुर्चीवर टेकवून ठेवलेला आप्पांचा फोटो. कुठल्याशा समूहचित्रातून कापून मोठा केलेला. आप्पांच्या खांद्यावर कोणाचा तरी मनगटापासून तोडलेला हात तसाच राहिला होता. विभागाचे संचालक भरघोस आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी प्रस्ताव वाचला. 'विभागाचा आधारस्तंभ.' एकतीस वर्षं या आधारस्तंभाची खुर्ची फायलींच्या कपाटाच्या मागे होती, दार उघडलं की पाठीला लागायची, हे तिला माहीत होतं. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. एकाने त्या दोन मिनिटांत बूट पुसून घेतला, एका पायाचा दुसऱ्या पायाच्या पँटला.

"त्यांची आठवण कायम राहावी म्हणून," बसल्यावर संचालक म्हणाले, "आम्ही त्यांच्या नावाने एक फिरता चषक सुरू करतो आहोत. जे मंडळ एका देणगीदाराकडून सर्वाधिक रक्कम आणेल, त्याला."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "एका?"

"हो, एका. मोठा विचार करायला शिकवायचं ना मुलांना."

या माणसाने आप्पांचा नियम कधी वाचलाच नव्हता. बारा वर्षं त्याखाली सही मात्र करत होता.

पुढचा विषय लगेच निघाला. नकाशा मंडळाची पत्रं चौदाच, मुदत आज पाच वाजेपर्यंत. सल्लागार हयात नाहीत. पत्रं पुरी न पडल्यास मंडळ 'पालक देणगीदारा'कडे सोपवण्याची तरतूद मागच्याच महिन्यात झाली होती, आणि पालक देणगीदार टेबलाच्या टोकाला हजरच होते. गावात शिकवणीच्या सात शाखा असलेले क्लासवाले. अंगठ्या घातलेली बोटं एकमेकांत गुंफून ते म्हणाले, "सगळा खर्च माझा. बाकडी, नळ वगैरे ठीक आहे, पण आजच्या विद्यार्थ्याला काय हवं? क्लास कुठे आहे ते हवं. यंदा आपण सोयीचा नकाशा काढू. सात शाखा, लाल ठिपके."

"सुंदर," संचालक म्हणाले.

भिंतीशी एका स्टुलावर मंडळाची अध्यक्ष बसली होती. उंच, सावळी, भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, पायांत झिजलेले बूट. आप्पा तिला कॅप्टन म्हणत. तिला बोलायची परवानगी नव्हती, म्हणून ती नुसती पेनाचं टोपण चावत होती.

"पाच वाजायला अजून साडेपाच तास आहेत," आप्पांची मुलगी म्हणाली. "पंधरावं पत्र आलं तर?"

संचालकांनी तिच्याकडे फार मायेने बघितलं. "ताई, तुमच्यावर केवढा प्रसंग. तुम्ही कशाला या धावपळीत पडता?"

त्या 'ताई'ने निकाल लागला. आप्पांवरच्या प्रेमापोटी ती उठली असं म्हणायला छान वाटेल, पण तसं नव्हतं. ती त्या बूट पुसणाऱ्याच्या, अंगठ्यावाल्याच्या आणि तोडलेल्या हाताच्या तिरस्काराने उठली.

जिन्यावर कॅप्टनने तिला गाठलं. "मॅडम, सरांचं... मला बोलता येत नाहीये."

"नको बोलूस. पंधरावी देणगीदार मी. चेक देते आत्ता."

"नाही चालणार. सल्लागाराच्या घरच्यांचे पैसे घ्यायचे नाहीत. सरांनीच लिहिलंय, कलम सहा."

"आप्पांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला म्हणायचा."

"सर म्हणायचे, घरचे पैसे घातले की मागणं बंद होतं."

तिने प्रकाशनसंस्थेत फोन लावला. मालक म्हणाले, कल्पना उत्तम आहे, एप्रिलच्या बैठकीत ठेवू, तोवर दोन पानी टिपण पाठवा. तिने फोन ठेवला. उरला रस्ता.

पहिलं दुकान चष्म्यांचं. ती आत शिरली, सरळ मालकापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "विद्यापीठाच्या नकाशा मंडळासाठी आपल्याकडून लेटरहेडवर पत्र आणि देणगी अपेक्षित आहे. मुदत पाचपर्यंत." मालकाने आधी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि विचारलं, "तुम्ही महापालिकेकडून का?"

सायकलवाल्याला ती म्हणाली, "तुम्हाला परवडत नसेल तर राहू द्या." त्याने राहू दिलं.

कापडवाल्याने विचारलं, बाकड्यांचा नकाशा कशाला, बाकडी काय पळून जातात का? तेव्हा ती म्हणाली, "ते कळायला थोडी बुद्धी लागते." कॅप्टनने तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

"मॅडम, रागावू नका, पण तुम्ही मागत नाही. हजेरी घेता."

"मग काय करू? पाया पडू?"

"सर पाया नाही पडायचे."

"मी बघितलंय ते काय करायचे. दात काढून उभे राहायचे."

कॅप्टन पुढे चालू लागली. बसथांब्याशी आल्यावर म्हणाली, "पहिल्या वर्षी मला पाठवलं होतं त्यांनी एकटीला, एका गॅरेजमध्ये. मी रडत परत आले. सर म्हणाले, त्याने नाही म्हटलं ना, मग तुझं काय गेलं? त्याचंच काहीतरी राहिलं. चल, त्याला उद्या सोपं करून देऊ."

मुलीने नाक मुरडलं. असली वाक्यं ती प्रुफांतून निर्दयपणे खोडत असे. पण पाय दुखत होते, चार वाजून गेले होते, आणि आठ दुकानांतून ती जशी बाहेर पडली होती तशी बाहेर पडायची वेळ तिच्यावर आजवर कधीच आली नव्हती. आठ वेळा 'नाही'. एकाच दुपारी. आप्पा याच रस्त्यांवर किती दुपारी हिंडले असतील, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि तिने तो जबरदस्तीने थांबवला.

"आता कोण राहिलं?"

"या गल्लीत शिक्केवाल्या बाई. पण त्यांचा उपयोग नाही. नऊ वर्षं सर जातात, नऊ वर्षं त्या नाही म्हणतात. ठरलेलं आहे."

"मग जायचे कशाला?"

"सर म्हणायचे, न देणाऱ्यालाही वगळायचं नाही. वगळलं की तो कायमचा न देणारा होतो."

रबरी शिक्के करणाऱ्या बाईंचं दुकान एका जिन्याखाली होतं. माणूस वाकूनच आत जाऊ शकेल असं. दोघी दाराशीच थांबल्या. आत भिंतभर उलटी अक्षरं. 'प्राप्त', 'रद्द', 'तातडीचे'. सत्तरीच्या बाई भिंगाखाली रबर कापत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "काय हवंय? गोल की चौकोनी?"

"शिक्का नको," कॅप्टन म्हणाली. "नकाशा मंडळाकडून आलोय."

"अस्सं. मग म्हातारबुवा कुठेत? यंदा पोरीबाळींना पुढे केलं वाटतं. पाय दुखायला लागले का?"

कॅप्टनने मुलीकडे बघितलं. मुलीने भिंतीकडे.

"मी त्यांच्या वतीने आले आहे," ती म्हणाली.

"वतीने वकील येतात. मला वकील नको." बाईंनी पात्याने रबराचा एक कोपरा उडवला. "दर वर्षी येतात. पहिल्यांदा सल्ला विचारतात, कागद कुठला घेऊ म्हणून. मला कागदातलं काय कळतं? तरी मी सांगते. मग दाखवायला आणतात. मग मागतात. मी नाही म्हणते. चहा घेतात आणि जातात. मला मजा येते नाही म्हणायला, खोटं कशाला बोलू? दिवसभर लोकांचे हुकूम उलटे कोरत बसायचं, तेवढा एकच माणूस येतो ज्याला मी नाही म्हणू शकते. आणि तो पुन्हा येतो. त्यांना पाठवा. त्यांनाच नाही म्हणेन मी."

"ते येणार नाहीत."

"का? रुसले?"

मुलीला वाटलं, आता एक चांगलं वाक्य सुचायला हवं. तिला नेहमी सुचतं. काहीच सुचलं नाही.

"आप्पा गेले," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात, बुधवारी."

पातं थांबलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. मग त्यांनी कॅप्टनला विचारलं, "किती वाजेपर्यंत द्यायचंय?"

"पाच."

"आणि आत्ता साडेचार. शिंचे मरायलाही वेळ बघतात." त्यांनी खणातून लेटरहेड काढलं, कोपऱ्यावर धूळ बसलेलं, आणि ते फुंकरलं. पेन उघडलं. तारीख घातली. मग हात थांबला. "का देते ते लिहावं लागतं ना? दर वर्षी सांगायचे ते. मला नाही असलं लिहिता येत. मला उलटंच लिहिता येतं. तुम्ही सांगा, मी लिहिते. कोण तुम्ही? मंडळाच्या?"

"नाही."

"मग?"

कॅप्टन दाराशी घड्याळ बघत उभी होती. इतका वेळ दाराबाहेरच उभी असलेली मुलगी वाकून त्या जिन्याखाली आत शिरली आणि काउंटरला हात टेकून उभी राहिली.

"लिहा," ती म्हणाली. "'हे गृहस्थ नऊ वर्षं माझ्या दारात आले.' लिहिलंत? 'ते माझ्याकडे मागायचे, पण स्वतःसाठी कधीच नाही.' पूर्णविराम." तिने श्वास घेतला. "आता सांगते ते लिहू नका. मी त्यांची मुलगी. मला त्यांची लाज वाटायची. अकरा वर्षांची असल्यापासून. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भिकारी म्हटलं आणि ते 'बरं' म्हणून बाहेर पडले. ते भीक मागत नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी त्यांच्याबरोबर यायला हवं होतं."